एकतीस नंबरचं पाकीट

कसरीनं चिठ्ठ्या खाल्ल्या, दाणे नाही.
त्रेचाळीस पाकिटं, त्रेचाळीस मुठी ज्वारी
आणि नाव एकीलाही नाही.
साहेब म्हणाले, अंबादास, मशीन लाव.

मशीन म्हणजे काय, एक काळी वाटी, तळाला काच.
दाणे ओतायचे, झाकण लावायचं,
खालून उजेड सोडायचा,
तांबड्याच्याही पलीकडचा, आपल्या डोळ्याला न दिसणारा.
दाणा त्यातला थोडा गिळतो, थोडा परत करतो.
परत केलेल्याची रेघ पडद्यावर चढते, उतरते.
चौदाशे पन्नासला दरी. तिथे पाणी बसलेलं असतं.
पुढे स्टार्च, मग प्रथिनं, मग मला न कळणारं बरंच काही.
दाणा फुटत नाही, भाजत नाही.
अर्ध्या मिनिटात नाव :
मालदांडी. मालदांडी. दगडी. गुळभेंडी. मालदांडी.

आमचे नायना साखर पेठेत सूत रंगवायचे.
लडी पिळून तडक दाराशी आणायचे,
उन्हात धरायचे, उलटी करायचे, परत धरायचे.
बल्बखाली रंग खोटं बोलतो, म्हणायचे.
गेले तेव्हाही त्यांची नखं जांभळीच होती.
वाटीचं झाकण लावताना दर वेळी
मला ते दार आठवतं,
आणि वाटतं, हे त्यांना सांगितलं असतं
तर म्हणाले असते, दिसत नाही तो कसला उजेड रे?

प्लॉटवर रोजानं येणारी महादेवी कोळगिरी,
ब्रह्मपुरीची, मंगळवेढ्याकडची, काळ्या रानातली.
तिला मशीनचा राग नाही, कौतुकही नाही.
एकेक दाणा दाढेखाली धरून
तिनं त्रेचाळीस पाकिटं चावली, मध्ये दोनदा चहा घेतला.
मशीनशी तिचं सदतीस जुळलं.
पाचांत कोण चुकलं ते अजून ठरायचंय.
राहिलं एकतीस.

एकतीसला मशीन म्हणालं, जुळणी नाही.
वाटी पुसली, काच पुसली, दाणे बदलले.
जुळणी नाही.
महादेवीनं चावलं, थुंकलं, परत चावलं.
"ह्येला नावच न्हाई, का मला आठवंना,
त्ये काय सांगता यायचं न्हाई."
असं वाक्य मशीनच्या यादीत नाही.
असायला हवं होतं.

मग पेरली. मुद्दाम आगाप,
खोडमाशी यावी म्हणून.
ओळींमध्ये सुकटीची भुकटी टाकली, माशीला आवतण.
चार दिवस सगळ्या केंद्राला कोळीवाड्याचा वास.
साहेब नाकाला रुमाल लावून आले, लावूनच गेले.

अकराव्या दिवशी, सात वाजता,
ऊन अजून बांधाच्या उंचीचं होतं.
महादेवी उकिडवी बसली, उन्हाकडे तोंड करून,
आणि मला हातानं खाली ओढलं.
"हिथनं बग. उभं राहून दिसायचं न्हाई."

एकतीसची ओळ चकाकत होती,
कुणी पानापानाला तेलाचं बोट लावावं तशी.
शेजारची हुरड्याची ओळ मख्ख हिरवी,
आणि तिच्या पानांखाली पांढरी बारीक अंडी,
एका पानाला एक, टाके घातल्यासारखी.

मी चिमट्याचं छोटं मशीन पानाला लावलं.
रेघ आली. ती काय म्हणते ते पुण्याला विचारायचंय.
पोंगेमर मात्र हातानं मोजले :
हुरड्याच्या विसात चौदा, एकतीसच्या विसात पाच.
पाच म्हणजे शून्य नव्हे.
त्या पाचांचा पोंगा धरून ओढला तर अलगद हातात येतो,
बुडाशी कुजलेला, आंबूस.
चकाकत तीही होती.

संध्याकाळी रजिस्टर उघडलं.
वाण : या रकान्यात पेन्सिलीनं ३१ लिहिलं.
महादेवीनं विचारलं, काय लिवलं?
मी म्हटलं, एकतीस.
"बरं हाय," म्हणाली, आणि बस गाठायला निघाली.

उरलेले दाणे पाकिटात भरले,
नवी चिठ्ठी आत टाकली,
आणि एक डांबरगोळी.